दळण किती, पीठ किती: गेमचे पैसे वसूल होण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ३,९९९ रुपयांना एका मोठ्या ओपन वर्ल्ड, म्हणजे नकाशावर हवं तिकडे फिरता येणाऱ्या, गेमची डिस्क घेतली. सत्तर तास खेळून झाले. आता कथेचं पुढचं मिशन ३८वी लेव्हल मागतंय आणि हा ३४वर अडकलाय. चार लेव्हल चढायच्या तर पुन्हा त्याच छावण्या, तेच पहारेकरी, तीच पेटी. गेमच्या आतल्या दुकानात मात्र एक्सपी, म्हणजे लेव्हल चढवणारे गुण, लवकर वाढवणारा बूस्टर ठेवलाय, आठशे रुपयांच्या घरात. मित्र म्हणतात, "शंभर तासांचा गेम आहे, तासाला चाळीस रुपये पडले. पिक्चरसुद्धा याहून महाग पडतो. कुरकुर कशाला?" तो विचारतो: दादा, माझे पैसे वसूल झाले की वाया गेले? आणि बूस्टर घेऊ का?

आधी सरळ उत्तर. बूस्टर घेऊ नकोस. पैसे सगळे वाया गेले असंही नाही. पण मित्रांचा हिशेब चुकलाय, आणि कुठे चुकलाय ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची मुलं याच हिशेबावर वर्षानुवर्षं गेम घेत आलीत.

मी २००९ साली नवी पेठेच्या मागच्या गल्लीत दोन प्लेस्टेशन टू आणि दोन जुने टीव्ही टाकून पार्लर सुरू केलं. तासाला वीस रुपये. पुढे मशीन वाढली, मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला तसं गिऱ्हाईक घटलं. आता मी मुख्यतः जुन्या डिस्क घेतो-विकतो आणि कंट्रोलर दुरुस्त करतो. म्हणजे मी कितीतरी वर्षं खेळ तासावरच विकला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पैसे घेतले. त्यात एक गोष्ट माझ्या पक्की डोक्यात बसली: तासाला खिशातून पैसे जात असतील तर कुणीही ग्राइंड, म्हणजे आकडा वाढवायला तेच ते काम पुन्हा पुन्हा, करत नाही.

जीटीए सॅन आंद्रेआस हा गेम तेव्हा सगळ्यांचा लाडका. त्या गेममध्ये पैसे कमवा, जिममध्ये जाऊन अंग कमवा, गाडी चालवून चालवून हात बसवा, अशी बरीच मेहनत आहे. आमच्याकडची पोरं काय करायची? शाळेच्या वहीचं पान फाडून आणायची. त्यावर निळ्या पेनने लिहिलेलं असायचं: आर-वन, आर-टू, एल-वन, एक्स, मग डावी-खाली-उजवी-वर, परत डावी-खाली-उजवी-वर. एवढं दाबलं की तब्येत फुल्ल, अंगावर चिलखत आणि खात्यात अडीच लाख डॉलर. घडी घालून घालून ते पान कापडासारखं मऊ झालेलं असायचं आणि या हातातून त्या हातात फिरायचं. वीस रुपयांत साठ मिनिटं मिळाली, त्यातली वीस मिनिटं कमाई करण्यात कोण घालवणार?

हा गेम २००४चा. चिलखत आणि अडीच लाख डॉलर बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेले होते, फुकट. कंटाळा आला की कोड टाका आणि पुढे जा. आज तुझ्यासमोर आठशे रुपयांना जे मांडून ठेवलंय ते त्या वहीच्या पानावरचंच आहे. चीट कोड गेले आणि त्यांच्या जागी दुकान आलं. माझ्या डोळ्यांदेखत झालेला हा बदल आहे, आणि मला तो आजही खुपतो.

ग्राइंडला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. तेच ते पुन्हा पुन्हा चालू असलं की आपण म्हणतोच, "काय तेच ते दळण लावलंय." पण खऱ्या दळणातून पीठ निघतं. म्हणून दळण किती तास चाललं हे विचारण्याआधी पीठ किती पडलं ते बघायचं.

याच पार्लरमध्ये मी दळणाचा दुसरा प्रकारही बघितलाय. टेकन फाइव्ह हा मारामारीचा गेम खेळायला एक मुलगा यायचा, अकरावीत असेल. त्याला त्यातल्या काझुया नावाच्या पात्राचा एक विजेचा ठोसा शिकायचा होता. पुढे दाबायचं, बोट सोडायचं, खाली, मग खाली-पुढे, आणि त्याच क्षणी त्रिकोण. त्याच क्षणी म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. चुकलं तर साधा ठोसा बसतो. जमलं तर हाताभोवती वीज कडाडते. हा पठ्ठ्या समोर कुणी प्रतिस्पर्धी न घेता प्रॅक्टिस मोडमध्ये बसायचा, वीस रुपये देऊन, आणि तासभर तेवढंच. पहिल्या दिवशी तासात दोनदा वीज निघाली. अंगठ्याला फोड आला तर दुसऱ्या दिवशी पट्टी लावून आला. महिनाभराने दहातले सहा-सात जमायला लागले आणि शेजारच्या टीव्हीवरची पोरं खेळ थांबवून बघायला लागली. त्यानेही एकच गोष्ट हजारदा केली. पण ती शिकला त्याचा अंगठा. मेमरी कार्ड पुसलं गेलं असतं तरी त्याचं काही गेलं नसतं.

तुझ्या गेममध्ये मात्र ३४ची ३८ होणार ती फक्त आकड्यात. पन्नासावी छावणी तू विसाव्या छावणीपेक्षा चांगली जिंकत नाहीस. त्याच पद्धतीने जिंकतोस, फक्त पहारेकऱ्याच्या डोक्यावरचा आकडा वाढलेला असतो आणि तुझ्या तलवारीवरचाही. उद्या सेव्ह फाइल उडाली तर ते सगळं जाईल. या दोन दळणांत फरक आहे, आणि "तासाला चाळीस रुपये" या हिशेबाला तो दिसतच नाही.

हे दळण मुळात आलं कुठून, तेही सांगतो, म्हणजे प्रत्येक ग्राइंड वाईटच असं तुझ्या मनात बसायला नको. १९८६ साली जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट आला. अख्खा गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला. तू व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतोस तोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत मोठा प्रवास उभा करायचा तर राक्षस पुन्हा पुन्हा भेटवायचे आणि दर खेपेला खेळाडूला थोडं बळकट करायचं, हाच मार्ग होता. त्यात एक माणुसकीही होती. ज्याची बोटं चपळ नाहीत, तोही वेळ देऊन जिंकू शकायचा.

पुढे महिन्याच्या वर्गणीवर चालणारे ऑनलाइन गेम आले आणि कारण बदललं. आता खेळाडू जितके महिने राहील तितकी वर्गणी. या गेमची गणितं बघण्यासारखी आहेत. रूनस्केपमध्ये कुठल्याही कौशल्याची ९९वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात, आणि ९२व्या लेव्हलला ६५,१७,२५३. म्हणजे ९२वर पोचलेला माणूस जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो, पण त्याला वाटतं, आता सातच राहिल्या. वर्गणी नसलेल्या, नुसत्या क्लिकवर चालणाऱ्या कुकी क्लिकर गेममध्येही प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. पाच खरेदींत दुप्पट, दहांत चौपट. कमाई बेरजेने वाढते आणि किंमत गुणाकाराने. तू ३४वर अडकलास त्यात तुझं काही चुकलेलं नाही. तिथे तो चढ असाच आखलेला असतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या वर्गणीच्या ऑनलाइन गेमची एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. २००४मध्ये तो बाजारात यायच्या आधीच्या चाचणीत ठरावीक वेळ खेळलं की एक्सपी निम्मे व्हायचे, लोकांनी जरा उठावं म्हणून. खेळाडू चिडले. मग बनवणाऱ्यांनी निम्म्याला शंभर टक्के म्हणायला सुरुवात केली, आणि आधीच्या पूर्णाला दोनशे टक्के, विश्रांतीचा बोनस. गणित तेच, नाव बदललं, आणि तक्रार थांबली. आपल्याला काय लागतं आणि काय गोड वाटतं हे त्या लोकांना किती नेमकं कळतं, बघ.

आता तुझ्या बूस्टरकडे येतो. वेळ वाचवायला पैसे घेणं यात मला तत्त्वतः चूक वाटत नाही. आपण रिक्षा करतो ती वेळ वाचवायलाच. पण रिक्षावाला आधी रस्ता लांब करून ठेवत नाही. इथे रस्ता आखणारा आणि भाडं घेणारा एकच आहे, आणि म्हणून रस्ता कधीच प्रामाणिकपणे आखला जात नाही. याचा पुरावा हवा असेल तर २०१७ साल बघ. शॅडो ऑफ वॉर नावाचा गेम आला, त्यात सैनिकांच्या पेट्या खऱ्या पैशांत विकायला होत्या आणि शेवटचा भाग म्हणजे किल्ल्यांची न संपणारी लढाई. पुढच्या वर्षी, २०१८च्या जुलैत, बनवणाऱ्यांनी ते दुकान काढून टाकलं, आणि सोबत शेवटच्या भागाची लांबीही कमी केली. दुकान गेलं तसं दळणही कमी झालं. यावरून मी काय समजायचं?

त्याच २०१७मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू. डार्थ व्हेडरसारखा नायक उघडायला ६०,००० क्रेडिट. खेळाडूंनी हिशेब मांडला तेव्हा एका नायकाला चाळीसेक तास निघाले. एवढा गदारोळ झाला की किंमत एकदम ७५ टक्क्यांनी खाली आली आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी पैशांची खरेदी बंद करावी लागली. एका रात्रीत पाऊण किंमत उतरवता येते, म्हणजे ती मुळात कशाच्या आधारावर लावली होती? आणि २०१८च्या असॅसिन्स क्रीड ओडिसीमध्ये, म्हणजे एकट्याने खेळायच्या, पूर्ण किमतीच्या गेममध्ये, एक्सपी कायमचे वाढवणारा बूस्ट वेगळ्या पैशांत विकायला होता. तुझ्या गेमचं नाव मी घेत नाही, तसे बरेच आहेत.

माझी आई विड्या वळायची. दिवसाला हजार. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसची बंडलं लावायची. हजाराव्या विडीत पहिल्या विडीपेक्षा नवीन काही नसायचं, हे तिलाही माहीत होतं. पण संध्याकाळी ती बंडलं कारखान्यात मोजून द्यायची आणि हजारामागे ठरलेली मजुरी घ्यायची. कंटाळवाण्या कामाला मोबदला असतो, हा साधा व्यवहार या शहरातल्या हजारो घरांना कळतो. तू त्याच छावण्या पुन्हा मारतोस आणि वर मजुरीही तूच द्यायची म्हणतोस. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण मला इथे अगदी तंतोतंत लागू वाटते. बूस्टर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि त्यातही वाईट असं की कोंबडी शिजू नये याची सोय आधीच केलेली.

मोबाईल गेममधल्या नशिबाच्या पेट्यांबद्दल फार लिहीत नाही, तुझा प्रश्न तो नाही. एवढंच सांगतो, गेनशिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्र निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि नव्वदाव्या खेपेला कुठलंतरी एक नक्की मिळतं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर रिंग टाकून वस्तू जिंकायचा स्टॉल असतो ना, तसंच ते. फरक इतकाच की जत्रा संपते आणि स्टॉलवाला तंबू उचलून जातो.

एका माणसाची बाजू मात्र मला मांडलीच पाहिजे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक गिऱ्हाईक आहे माझा. सकाळी घरी येतो, कानात मागांचा आवाज तसाच घुमत असतो. तो म्हणतो, मला नवीन काही शिकायचं नसतं तेव्हा, डोकं बंद करायचं असतं. स्टारड्यू व्हॅलीत तो रोज पिकाला पाणी घालतो, अंडी गोळा करतो, मासे पकडतो आणि झोपतो. त्याचं दळण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्याला जे पीठ हवंय ते म्हणजे स्वस्थता, आणि ती त्याला मिळते. शिवाय त्या गेमची रचना बघ. सुरुवातीला एकेका रोपाला झारीने पाणी घालून जीव मेटाकुटीला येतो. पण शेतीची दुसरी लेव्हल आली की साधा स्प्रिंकलर करता येतो, सहावीला चांगला, नववीला त्याहून चांगला. आपल्याकडे डाळिंबाला ठिबक बसवल्यावर शेतकरी मोकळा होतो तसं. तू एक काम पुरेसं केलंस की गेम ते तुझ्या हातातून काढून घेतो आणि पुढचं देतो. २०१६चा गेम, एका माणसाने बनवलेला, आणि आत दुकान नाही. दळण कसं असावं हे मला कुणी विचारलं तर मी तो स्प्रिंकलर दाखवतो.

मग पैसे वसूल झाले की नाही हे मोजायचं कसं? मी एक पद्धत वापरतो. खेळायला बसलास की शेजारी वही ठेव. उठताना एकच ओळ लिही: आज नवीन काय झालं. नवीन जागा, नवीन डावपेच, कथेतलं वळण, न जमणारं काहीतरी जमलं, मित्रासोबत पोट धरून हसलो, काहीही चालेल. काहीच सुचलं नाही तर रेघ मार. दहा बैठकींनंतर रेघा मोज. तुझ्या सत्तर तासांत समज पंचवीस तास असे भरलेले निघाले, तर ३,९९९ भागिले पंचवीस, म्हणजे तासाला साधारण १६० रुपये. मल्टिप्लेक्समध्ये दोनशेचं तिकीट काढून अडीच तास बसलास तर तासाला ८० पडतात. मित्रांच्या हिशेबात स्वस्त ठरलेला गेम इथे पिक्चरच्या दुप्पट झाला. उलट २००७चा पोर्टल नावाचा कोड्यांचा गेम तीन-चार तासांत संपतो, आणि वहीत एकही रेघ येत नाही. तो मी वर्षाआड पुन्हा खेळतो.

घेण्याआधीच ओळखायचं असेल तर दोन गोष्टी कर. पहिली, ट्रॉफीची, म्हणजे गेममध्ये एकेक टप्पा पार केल्याच्या बक्षिसांची, यादी उघड. प्लेस्टेशनवर आणि कॉम्प्युटरच्या गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवरही, किती टक्के लोकांनी कुठली ट्रॉफी मिळवली हे लिहिलेलं असतं. कथा संपवल्याची ट्रॉफी शोध. पहिल्या अध्यायाची ट्रॉफी बहुतेकांकडे आणि शेवटाची फार थोड्यांकडे असेल, तर मधे कुठेतरी माणसं गळून पडतायत. मधल्या ट्रॉफ्यांचे टक्के बघत गेलास तर नेमकं कुठे, तेही कळतं. परत विकायला आलेल्या डिस्कबद्दल मी नेहमी विचारतो, कुठपर्यंत आला होतास? लांबलचक गेमच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा त्याच जागेचं येतं.

दुसरी, व्हिडिओ बघायचा तर विसाव्या तासाचा बघ, पहिल्याचा नाही. पहिले दोन तास सगळ्यात जास्त घासूनपुसून केलेले असतात. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, चांगली सोय आहे. पण दळण दोन तासांत कधीच दिसत नाही, म्हणून या बाबतीत त्या सोयीवर विसंबून राहू नकोस. बोलणं नसलेला, मधल्या भागाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ लाव आणि बघताना तुझा हात पुढे ढकलायला जातो का ते बघ.

आता तू आज काय करावंस. सेटिंगमध्ये जाऊन अवघडपणा एकदम खाली आण. यात कमीपणा काही नाही. बऱ्याच गेममध्ये त्याने शत्रू लवकर मरतात आणि तीन-चार लेव्हल खालून मिशन मारता येतं. नकाशावरच्या सगळ्या खुणा पुसायचा नाद सोड, ज्या बाजूच्या कामात गोष्ट आहे तेवढीच कर, त्यात एक्सपीही बहुधा जास्त असतात. एवढं करून शनिवारपर्यंत कथा हलली तर संपव, तुला ती आवडत होती असं तू लिहिलंयस. नाही हलली तर शेवट व्हिडिओवर बघ आणि डिस्क विकून टाक. सत्तर तास घातले म्हणून आणखी तीस घालायचे, हे मला पटत नाही. ते सत्तर आता परत येत नाहीत. डिस्कचे पैसे मात्र अजून येतात, आणि दर महिन्याला उतरतात. डिजिटल घेतला असतास तर तेही नसते, म्हणून डिस्कची मशीन घे असं मी सगळ्यांना सांगतो.

दुकानात आणायची झाली तर संध्याकाळी सहानंतर आण. चकाकत्या बाजूला ओरखडे आहेत का ते आधी घरी उजेडात धरून बघ. मूळ डबी आणि आतला कागद सोबत असू दे, आणि डबीतला जादा सामानाचा कोड वापरला असशील तर येतानाच सांग, त्याने भावात शे-दोनशेचा फरक पडतो.